मेंदूतला जागल्या शोधणारा डॉक्टर

औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजारसारख्या गावात बाजाराच्या दिवशी दुचाकीवरून पडण्याचा प्रसंग कुणाला नवा नाही. कधी गतिरोधक दिसत नाही, कधी रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर दिवे न लावता उभा असतो. माणूस पडतो, उठतो, कपडे झटकतो. डोक्याला टेंगूळ आलेले असते, रक्त मात्र नसते. कुणीतरी चिमूटभर हळद दाबते, कुणी पाणी पाजते, मुका मार आहे म्हणून सगळे निश्चिंत होतात आणि गडी घरी जातो. बहुतेक वेळा तो दोन दिवसांत बरा होतोही. काही वेळा मात्र रात्री उलट्या सुरू होतात, बोलणे बरळल्यासारखे होते आणि नांदेडच्या दिशेने गाडी पळवावी लागते.

बाहेरून मुका असलेला हा मार डोक्याच्या आत मोठी खळबळ उडवतो. डॉक्टर या इजेचे दोन भाग करतात. पहिली इजा आघाताच्या क्षणी होते. मेंदू कवटीवर आपटतो, पेशी फाटतात, बारीक रक्तवाहिन्या तुटतात. ती इजा कुणालाच परत फिरवता येत नाही. दुसरी इजा त्यानंतरच्या तासांत आणि दिवसांत हळूहळू घडत जाते. रक्त साचते, सूज चढते, रक्तपुरवठा आणि प्राणवायू कमी पडतो. या दुसऱ्या टप्प्यात शरीराच्या रोगप्रतिकार यंत्रणेचा फार मोठा वाटा असतो. ती मेंदूला वाचवायला धावते आणि कधी कधी धावताना नुकसानही करते.

या धावपळीत सर्वांत पुढे असतात त्या मेंदूतच राहणाऱ्या अगदी लहान पेशी, मायक्रोग्लिया. ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसून रात्रभर जागल करणाऱ्या राखणदारासारखे त्यांचे काम. त्या आहेत, त्या वेगळ्या आहेत आणि मेंदूला मार लागताच त्या रूप पालटतात, हे सर्वप्रथम नीट दाखवून दिले स्पेनमधील डॉ. पिओ देल रिओ-ऑर्तेगा यांनी. त्यांच्या निधनाला आठ दशके होऊन गेली. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या मेंदूत काय चालते, याचा विचार आजही त्यांच्या कामापासूनच सुरू होतो.

एकाच वर्षातल्या दोन घटना

रिओ-ऑर्तेगा यांचा जन्म ५ मे १८८२ रोजी स्पेनच्या वायादोलिद प्रांतातील पोर्तियो या गावी झाला. योगायोग असा, की त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीतील मेसिना येथे एली मेचनिकॉव्ह हे रशियन शास्त्रज्ञ ताराळ माशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचून सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या त्यांना दिसल्या. शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूला घेरून गिळून टाकणाऱ्या या पेशी म्हणजे भक्षक पेशी. या शोधासाठी मेचनिकॉव्ह यांना १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

महाराष्ट्राला मेचनिकॉव्ह यांचे नाव फारसे परिचित नसले, तरी त्यांच्या शिष्याचे आहे. ओडेसा येथे त्यांच्या हाताखाली शिकलेले वाल्डेमार हाफकिन पुढे मुंबईत आले, प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने उभी आहे.

मेचनिकॉव्ह यांच्या शोधाने एक प्रश्न मात्र तसाच राहिला. रक्तातल्या भक्षक पेशी शरीरभर फिरतात, पण मेंदूचे दार त्यांना सहसा बंद असते. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात, की रक्तातल्या बऱ्याच गोष्टी आत शिरूच शकत नाहीत. मग बंद दाराआडच्या त्या घरात राखण कोण करते? या प्रश्नाचे उत्तर त्या वर्षी पोर्तियोत जन्मलेल्या मुलाने दिले.

गावातला डॉक्टर ते माद्रिदची प्रयोगशाळा

रिओ-ऑर्तेगा यांनी १९०५ मध्ये वायादोलिद येथून वैद्यकीय पदवी घेतली आणि काही काळ स्वतःच्या गावात डॉक्टरकी केली. पण रुग्ण तपासण्यापेक्षा रोगाने पेशींचे काय होते हे पाहण्याकडे त्यांचा ओढा होता. गावचा दवाखाना सोडून ते पुन्हा विद्यापीठात गेले, १९०९ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि सूक्ष्मदर्शकाच्या कामात बुडून गेले. पुढे माद्रिदला निकोलास आचुकारो हे गुरू त्यांना लाभले. वयाने दोनच वर्षांनी मोठे असलेले आचुकारो मेंदूतील आधारपेशींचे जाणकार होते.

त्या काळी माद्रिद ही मेंदूच्या अभ्यासाची पंढरीच होती, कारण सान्तियागो रामोन इ काहाल तिथे होते. मेंदू हा सलग जाळ्याचा बनलेला नसून सुट्या सुट्या चेतापेशींचा बनलेला आहे, हे काहाल यांनी दाखवले होते. १९०६ मध्ये त्यांना कॅमिलो गोल्जी यांच्यासोबत नोबेल मिळाले होते. चेतापेशी म्हणजे काहाल यांच्या लेखी मेंदूतला पहिला घटक. ताऱ्यासारख्या फांद्या असलेल्या, चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी हा दुसरा घटक. या दोन्हींत न बसणाऱ्या, ज्यांचे फक्त केंद्रकच दिसते आणि फांद्या दिसत नाहीत, अशा पेशींना १९१३ मध्ये त्यांनी तिसरा घटक म्हटले. त्या तिसऱ्या घटकात नेमके काय दडले आहे, ते खुद्द काहाल यांनाही उलगडले नव्हते.

याचे कारण पाहण्याच्या साधनात होते. मेंदूचा काप नुसता काचपट्टीवर ठेवला तर सगळे फिकट, एकसारखे दिसते. पेशी उठून दिसण्यासाठी तिला रंग चढवावा लागतो, आणि प्रत्येक जातीच्या पेशीवर प्रत्येक रंग चढत नाही. जो रंग चेतापेशींवर चढतो, तो या लहान पेशींना चुकवून जातो. रंग चढला नाही, तर पेशी डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही.

१९१८ मध्ये आचुकारो आजाराने गेले. त्यांचे वय अवघे ३७ होते. गुरूच्या मागे रिओ-ऑर्तेगा यांनी चांदीच्या क्षारांवर काम चालू ठेवले. जुन्या फोटोंच्या कागदावर चांदीचे क्षार काळे पडून चित्र उमटत असे. तेच तत्त्व त्यांनी मेंदूच्या कापांवर वापरले. सिल्व्हर नायट्रेट, सोड्याचा क्षार आणि अमोनिया यांचे प्रमाण बदलत, तापमान बदलत, वेळ बदलत त्यांनी रंगवण्याची नवी पद्धत बसवली. तिला सिल्व्हर कार्बोनेट पद्धत म्हणतात. आणि एके काळी नुसता ठिपका वाटणाऱ्या पेशींच्या बारीक, काटेरी, फांद्याफांद्यांच्या आकृती काचपट्टीवर उमटल्या.

जागल्या जागा होतो

१९१९ मध्ये रिओ-ऑर्तेगा यांनी लागोपाठ निबंध प्रसिद्ध करून या पेशींना मायक्रोग्लिया हे नाव दिले. ग्लिया म्हणजे चेतापेशींना धरून ठेवणाऱ्या आधारपेशी आणि मायक्रो म्हणजे सूक्ष्म. या पेशी मेंदूच्या इतर पेशींबरोबर जन्मत नाहीत. त्या बाहेरच्या ऊतींतून, गर्भाची वाढ होत असताना मेंदूत शिरतात आणि तिथेच वस्ती करतात, असे त्यांनी मांडले. मेंदूभर त्या साधारण सारख्या अंतरावर पसरलेल्या असतात. प्रत्येकीचा आपला आपला शिवार ठरलेला असतो.

नुसता आकार दाखवून ते थांबले नाहीत. प्राण्यांच्या मेंदूला बारीक जखम करून पुढच्या काही दिवसांत तिथे काय होते, याचे काप त्यांनी क्रमाने पाहिले. निरोगी मेंदूत मायक्रोग्लियाच्या फांद्या लांब आणि नाजूक असतात. जखम होताच त्या फांद्या आखडतात, पेशीचे अंग फुगते, ती अमिबासारखी गोल होते आणि जखमेकडे सरकते. तिथे ती मेलेल्या पेशींचे तुकडे, सांडलेल्या रक्ताचे अवशेष गिळते. मेचनिकॉव्ह यांनी अळीत काट्याभोवती जे पाहिले होते, त्याचेच मेंदूतले रूप रिओ-ऑर्तेगा यांना दिसले. मेंदूला स्वतःची रोगप्रतिकार फौज आहे, हे यातून स्पष्ट झाले.

काहाल यांच्या तिसऱ्या घटकाचा राहिलेला भागही त्यांनीच सोडवला. १९२१ मध्ये त्यांनी ऑलिगोडेंड्रोग्लिया या पेशी वेगळ्या काढून दाखवल्या. विजेच्या तारेवर प्लास्टिकचे वेष्टण असते तसे मेंदूतील चेतातंतूंवर मायेलिनचे वेष्टण चढवण्याचे काम या पेशी करतात.

एवढे मोठे काम, पण त्याचे कौतुक घरातून झाले नाही. काहाल यांनी लहान पेशींचे अस्तित्व मान्य केले, मात्र या शोधाच्या श्रेयाचा काही भाग स्कॉटलंडच्या विल्यम फोर्ड रॉबर्टसन यांच्याकडे जातो असे १९२० मध्ये लिहिले. रॉबर्टसन यांनी आधी काही पेशींना वेगळे नाव दिले होते, पण त्या नेमक्या कोणत्या हे स्पष्ट नव्हते. त्यातच प्रयोगशाळेतल्या कुरबुरी आणि कानाला लागलेल्या गोष्टी यांची भर पडली. त्याच वर्षी काहाल यांनी रिओ-ऑर्तेगा यांना प्रयोगशाळेतून बाहेर पडायला सांगितले. ज्या माणसाला ते दैवत मानत, त्याच्याच दारातून त्यांना बाहेर पडावे लागले. पुढे दोघांमधील कडवटपणा निवळला. काहाल यांच्याविषयीचा आदर रिओ-ऑर्तेगा यांनी कधी सोडला नाही.

नवी जागा मिळाली ती माद्रिदच्या विद्यार्थी निवासात. कवी लोर्का, चित्रकार दाली आणि चित्रपट दिग्दर्शक बुन्युएल हे तरुण वयात जिथे राहिले, तेच हे निवास. तिथल्या लहानशा प्रयोगशाळेत थोडी साधने घेऊन रिओ-ऑर्तेगा यांनी काम पुढे चालवले.

जखमेचा व्रण

१९२४ मध्ये न्यूयॉर्कहून एक तरुण शल्यविशारद या प्रयोगशाळेत दाखल झाला. त्याचे नाव वाइल्डर पेनफिल्ड. मेंदूची शस्त्रक्रिया करताना जखम नीट भरावी कशी, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. शस्त्रक्रिया कितीही हलक्या हाताने केली तरी मेंदूत व्रण राहतो, आणि तो व्रण पुढे त्रास देतो, हे त्याने पाहिले होते. सुमारे सहा महिने तो माद्रिदला राहिला, चांदीने रंगवण्याची विद्या शिकला आणि ती अमेरिकेत घेऊन गेला. रिओ-ऑर्तेगा यांचे काम इंग्रजी वाचणाऱ्या जगापर्यंत पोचले ते बऱ्याच अंशी पेनफिल्ड यांच्यामुळे.

१९२७ मध्ये दोघांनी मिळून मेंदूच्या जखमेवर निबंध प्रसिद्ध केला. जखम झाल्यावर मायक्रोग्लिया काय करतात, ताऱ्यासारख्या आधारपेशी काय करतात आणि शेवटी व्रण कसा तयार होतो, याचे क्रमवार वर्णन त्यात होते. थोडक्यात सांगायचे तर आधी मायक्रोग्लिया येऊन मलबा उचलतात, मग आधारपेशी जखमेभोवती कुंपण घालतात. कुंपणामुळे नुकसान पसरत नाही, पण तेच कुंपण नव्या तंतूंना वाढायला आडवेही येते.

या व्रणाचे महत्त्व पुढे आणखी कळले. डोक्याला मार लागून बरे झालेल्या काही माणसांना महिन्यांनी, कधी वर्षांनी फिट येऊ लागतात. व्रण मेंदूला चिकटून आजूबाजूचा भाग ओढतो आणि तिथून फिट उठते, हे पेनफिल्ड यांनी ओटफ्रिड फोर्स्टर यांच्यासोबत मांडले. असे व्रण काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेत पेनफिल्ड जगप्रसिद्ध झाले आणि १९३४ मध्ये त्यांनी कॅनडात माँट्रियल येथे मेंदूविकारांची मोठी संस्था उभी केली.

गावाकडे अशा रुग्णाला बाहेरची बाधा झाली म्हणून कांदा हुंगवणारे आजही भेटतात. त्या फिटचे मूळ पूर्वी कधीतरी डोक्याला लागलेल्या मुक्या मारात असू शकते, हे डॉक्टरांना सांगणे म्हणूनच गरजेचे असते.

युद्ध, परागंदा जीवन आणि हेल्मेट

१९२० च्या दशकाच्या अखेरीस रिओ-ऑर्तेगा माद्रिदच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत रुजू झाले आणि पुढे तिचे संचालक झाले. मेंदूतील गाठींचे वर्गीकरण हा त्यांचा नवा विषय होता. नोबेलसाठी त्यांचे नाव दोनदा सुचवले गेले. ते मिळाले नाही.

जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि लढाई माद्रिदच्या वेशीला भिडली. प्रजासत्ताकाच्या बाजूने असलेल्या रिओ-ऑर्तेगा यांना शहर सोडावे लागले. व्हॅलेन्सिया, तिथून पॅरिसचे पितिए रुग्णालय आणि मग इंग्लंडमधील ऑक्सफर्ड असा त्यांचा प्रवास झाला. पन्नाशी ओलांडलेला, जगभर नाव झालेला हा शास्त्रज्ञ परक्या देशात, परक्या भाषेत, दुसऱ्याने दिलेल्या टेबलावर काम करत होता. त्यांनी लग्न केले नाही. निकोलास गोमेझ देल मोराल हे त्यांचे आयुष्यभराचे सोबती होते.

ऑक्सफर्डला त्यांना आसरा दिला तो मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी. या केर्न्स यांच्या नावाशी दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाचा संबंध आहे. मे १९३५ मध्ये अरबस्तानचा लॉरेन्स म्हणून प्रसिद्ध असलेले ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडले. डोक्याला जबर मार लागला होता. सहा दिवस बेशुद्ध राहून ते गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत केर्न्स होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. दुसऱ्या महायुद्धात निरोप पोचवणारे अनेक सैनिक मोटारसायकलवरूनच मरत होते. केर्न्स यांनी त्यांची माहिती गोळा केली आणि १९४१ मध्ये निबंध लिहून शिरस्त्राणाने जीव वाचतो हे दाखवले. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

अशा रीतीने ऑक्सफर्डच्या एकाच वैद्यकीय वर्तुळात दोन माणसे काही काळ एकत्र आली. एकाने मेंदूला मार लागल्यावर आत काय होते ते पाहिले होते, दुसरा तो मार लागूच नये म्हणून धडपडणार होता. १९३९ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने रिओ-ऑर्तेगा यांना मानद पदवी दिली.

पण इंग्लंडही युद्धात ओढले गेले होते. १९४० मध्ये रिओ-ऑर्तेगा अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्सला गेले. तिथल्या स्पॅनिश समाजाच्या मदतीने त्यांना पुन्हा एक छोटी प्रयोगशाळा मिळाली. विद्यार्थी जमले, १९४२ मध्ये त्यांनी एक शास्त्रीय नियतकालिकही सुरू केले. आयुष्यभर कर्करोगाच्या गाठी तपासणाऱ्या या डॉक्टरांना अखेर कर्करोगानेच गाठले. १ जून १९४५ रोजी ब्युनोस आयर्स येथे त्यांचे निधन झाले. ते ६३ वर्षांचे होते. मायदेशी परतणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९८६ मध्ये त्यांच्या अस्थी वायादोलिदला आणण्यात आल्या. आज त्या शहरातील मोठे सरकारी रुग्णालय त्यांच्या नावाने ओळखले जाते.

मागून पटलेली साक्ष

रिओ-ऑर्तेगा यांनी जे पाहिले ते मृत मेंदूच्या कापांवर. जिवंत मेंदूत या पेशी कशा वागतात हे पाहायला पुढची साठ वर्षे जावी लागली. २००५ मध्ये विशेष प्रकारच्या सूक्ष्मदर्शकाने जिवंत उंदरांच्या मेंदूत डोकावण्यात आले. मायक्रोग्लिया शांत बसलेल्या नसतात, त्यांच्या फांद्या सतत हलून आजूबाजूची चाचपणी करत असतात, असे दिसले. लेझरने एक सूक्ष्म जखम करताच काही मिनिटांतच आसपासच्या पेशींनी आपल्या फांद्या तिकडे वळवल्या आणि जखमेला वेढा घातला. २०१० मध्ये या पेशींचा उगमही नक्की झाला. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत पीतक पिशवीत त्या तयार होतात आणि तिथून मेंदूत जातात. उगमाची जागा रिओ-ऑर्तेगा यांच्या अंदाजापेक्षा वेगळी निघाली, पण त्या बाहेरून येऊन मेंदूत वस्ती करतात हे त्यांचे म्हणणे खरे ठरले.

माणसाच्या डोक्याला मार लागला की काय होते, ते आता बरेच कळले आहे. फुटलेल्या पेशींतून एरवी पेशीच्या आतच असणारी रसायने बाहेर सांडतात. मायक्रोग्लियासाठी हीच धोक्याची हाक असते. त्या जाग्या होतात आणि स्वतः रसायने सोडून मदत बोलावतात. रक्तवाहिन्यांच्या घट्ट भिंती आघाताने सैल झालेल्या असतात. पहिल्या दिवसातच रक्तातल्या पांढऱ्या पेशी आत शिरू लागतात, पुढच्या काही दिवसांत आणखी येतात. मलबा उचलला जातो, जंतू शिरले असतील तर त्यांना रोखले जाते. मात्र त्याच रसायनांनी सूज वाढते. पायाला सूज आली तर ती बाहेर फुगते. मेंदूला तशी जागा नाही, भोवती हाडांची कवटी आहे. आतला दाब वाढला की चांगल्या भागाचाही रक्तपुरवठा तुटतो. रानात शिरलेल्या डुकराला हुसकताना जागल्याच्या पायाखाली उभे पीक तुडवले जावे, तसे हे होते.

मग या पेशींना सरळ झोपवून टाकले तर? हा विचार डॉक्टरांनी केला होता. दाह दाबणारी स्टेरॉइड औषधे डोक्याच्या दुखापतीत अनेक वर्षे दिली जात होती. ती खरेच उपयोगी आहेत का, हे तपासण्यासाठी क्रॅश नावाची मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. तिच्यात १०,००८ रुग्ण होते. २००४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा सगळे चकित झाले. स्टेरॉइड दिलेल्या गटात दोन आठवड्यांत २१.१ टक्के रुग्ण दगावले, न दिलेल्या गटात १७.९ टक्के. औषधाने जीव वाचण्याऐवजी जास्त गेले. तेव्हापासून डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला सूज उतरवण्यासाठी म्हणून स्टेरॉइड देऊ नये, असा नियम झाला. प्रतिकार यंत्रणेला सरसकट दाबून चालत नाही, तिची योग्य वेळी गरज असते, हा धडा हजारो रुग्णांच्या अनुभवातून मिळाला.

दुसऱ्या टोकाला, ही जागल वेळेत संपली नाही तरी त्रास होतो. डोक्याला एकदाच मार लागलेल्या काही लोकांच्या मेंदूत दहा-पंधरा वर्षांनंतरही मायक्रोग्लिया चवताळलेल्या अवस्थेत आढळल्या आहेत. सर्वांत तसे होत नाही. पण मार लागल्यानंतर विसरभोळेपणा, चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणे अशा तक्रारी काहींना बराच काळ का राहतात, याचे एक कारण यात असावे, असे संशोधकांना वाटते. मायक्रोग्लियाचे चांगले काम चालू ठेवून वाईट तेवढे थांबवणारे औषध अजून रुग्णालयात आलेले नाही. शोध सुरू आहे.

गावाकडच्या माणसाने काय करावे

औषध नाही म्हटल्यावर दोनच गोष्टी हाती उरतात. एक, मार लागल्यावरचे तास वाया न घालवणे. दोन, मार लागूच न देणे.

डोक्याला मार लागलेल्या माणसावर निदान पहिले २४ ते ४८ तास घरच्यांनी लक्ष ठेवावे, त्याला एकटे सोडू नये. पुन्हा पुन्हा उलट्या होणे, डोकेदुखी वाढत जाणे, गुंगी येणे किंवा नीट जागे न होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, फिट येणे, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येणे, यांतले एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट न पाहता सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. मार लागल्यावर थोडा वेळ जरी शुद्ध हरपली असेल तरी डॉक्टरांना दाखवावेच. रुग्ण म्हातारा असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर लक्षणांची वाट पाहू नये. दुकानातून आणलेली ॲस्पिरिनसारखी गोळी देऊ नये, तिने रक्तस्राव वाढू शकतो. दारू प्यायला आहे म्हणून झोपला असेल, असे गृहीत धरण्याची चूक तर अनेकांच्या जिवावर बेतली आहे. आणि दवाखान्यात नेताना मान जास्त हलणार नाही याची काळजी घ्यावी.

दुसरी गोष्ट हेल्मेटची. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार आणि मागे बसणारे मिळून ५०,०२९ होते. मोटार वाहन कायद्यात हेल्मेट दोघांनाही सक्तीचे आहे. तरी जवळच तर जायचे आहे, बाजारातून येतोच लगेच, असे म्हणून ते घरातल्या खुंटीवर राहते. डोक्याला मार लागायला लांबचा प्रवास लागत नाही. हेल्मेट घातले तरी हनुवटीचा पट्टा लावलेला हवा, नाहीतर पडताना ते आधी निसटते.

पोर्तियोतला गावचा डॉक्टर मेंदूच्या कापांवर चांदी चढवत बसला, तेव्हा त्याच्या हाती उपचार नव्हता. पुढची शंभर वर्षे उपचार शोधणाऱ्यांनी त्याच पेशींवर नजर ठेवली आहे. तोवर जवळा बाजारच्या रस्त्यावर पडलेल्या माणसासाठी घरच्यांनी रात्रभर केलेली जागल आणि निघताना डोक्यावर चढवलेले हेल्मेट, एवढेच आधार आहेत.